मानाची फेरी

एका डोंगरी मुलखात निळोबा नावाचा एक माणूस राहत होता. लोकांच्या मनातलं विचारत हिंडणं हाच त्याचा धंदा. त्या मुलखात राजा नव्हता. लोक आपला अध्यक्ष आपणच निवडत, आणि निवडणूक जवळ आली की निळोबा दारोदार जाऊन विचारी, “काय, यंदा कुणाला?” मग बाजाराच्या दिवशी चौथऱ्यावर उभा राहून तो लोकांचा कौल सांगे. सगळ्यांना काही तो विचारत नसे. शितावरून भाताची परीक्षा, म्हणायचा. आजवर त्याचा अंदाज कधी चुकला नव्हता, त्यामुळे गडी जरा ऐटीतच असायचा.

अध्यक्ष निवडायची तिथली रीत दोन फेऱ्यांची. पहिल्या फेरीत वाटेल त्याने उभं राहावं. प्रत्येकाच्या नावाचं एक मडकं पडद्याआड मांडलेलं असे, आणि लोकांनी एकेक खडा आपल्या माणसाच्या मडक्यात टाकायचा. कुणालाच निम्म्याहून जास्त खडे पडले नाहीत, तर सगळ्यात भरलेली दोन मडकी ठेवायची आणि बाकीची उचलायची. पुढच्या बाजाराला दुसरी फेरी, ती त्या दोघांतच.

रीत चांगलीच होती. पण लोकांनी तिला आपली एक खोड लावून ठेवली होती. पहिली फेरी मानाची, दुसरी कामाची, असं ते म्हणत. पहिल्या फेरीचा खडा कुणाच्या तरी मानाखातर द्यायचा, लग्नात आहेर करतात तसा. मेव्हणा उभा आहे? द्या त्याला. गुरुजी उभे आहेत? द्या त्यांना. डोकं चालवायचं ते दुसऱ्या फेरीला. आजवर यात कुणाचं काही बिघडलं नव्हतं, कारण आजवर पुढे येणारी माणसं सगळीच बरी होती.

यंदा तसं नव्हतं. यंदा रणोजी सरदार उभा होता. नदीपलीकडच्यांशी लढाई करीन आणि त्यासाठी घरटी एक तरणा मुलगा फौजेत नेईन, असं तो उघड सांगत फिरत होता. पलीकडच्यांनी ज्यांची गुरं हाकून नेली होती ते त्याच्यामागे होते, आणि ज्यांना नगारा वाजला की अंगात येतं तेही होते. दुसरा लखमोजी लाकूडवाला. त्याला सगळं रान तोडून विकायचं होतं, आणि जेवणावळी घालघालून त्याने अर्धं खोरं आपल्या पंक्तीला बसवलं होतं. तिसऱ्या गिरजाबाई. निवाडे देता देता बाईंचे केस पांढरे झाले होते, पण त्यांच्या निवाड्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं. मी स्वतः नदी ओलांडून जाईन आणि गुरांचा वाद बोलून मिटवीन, एवढंच त्या सांगत. बाकी मग पैलवान, वैद्य, जोशी असे हौशे-गवशे. त्यातच निळोबाचा मेव्हणा केरोबा सनईवाला. मुलखातल्या निम्म्या लग्नांत त्याची सनई वाजली होती, म्हणून तोही हौसेने उभा राहिला.

निळोबाला एकुलता एक मुलगा होता, हरबा. रणोजी आला तर हरबा जाणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. हरबाची आई सगुणा, तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

“नीट विचारून या,” ती नवऱ्याला म्हणाली. “आपल्या पोराच्या जिवाचा प्रश्न आहे.”

निळोबा निघाला. गावोगाव एकच प्रश्न विचारत गेला: “शेवटी गिरजाबाई आणि रणोजी समोरासमोर आले, तर खडा कुणाला?” जो तो म्हणे, “हे काय विचारणं झालं? बाईंनाच.” म्हातारे म्हणत बाई, बाया म्हणत बाई. निळोबाच्या पायांत बळ आलं. पोरगा वाचला, असं त्याला दर दाराशी वाटू लागलं.

पहिल्या फेरीचं तो विचारतच नव्हता. ते विचारलं की लोक शेजाऱ्यादेखत अवघडत, भाऊबंदकी निघे, आणि एकेका ओट्यावर सकाळ जाई. शिवाय ती काय, मानाची फेरी.

पण खालच्या कुंभारवाड्यात एक म्हातारा आपणहून बोलून गेला. “शेवटी बाईच हो. पहिला खडा मात्र आमच्या पैलवानाला. पोराने नाव काढलंय वाड्याचं.” पुढच्या दारी पहिला खडा वैद्यबुवांना होता. त्याच्या पुढच्या दारी जोशांना. चौथ्या दारी तर बाईमाणूस लाजून म्हणाली, “केरोबांना देणार. माझ्या लग्नात त्यांचीच सनई होती.”

निळोबा वाटेतल्या धोंड्यावर बसला. सगळ्यांनीच असा मान वाटला, तर पहिल्या फेरीत बाईंच्या मडक्यात पडणार काय? आपण विचारला तो प्रश्न अर्धाच होता, हे त्याला तिथे बसल्या बसल्या कळलं. आता पुन्हा पहिल्या गावापासून निघायला हवं होतं, आणि दारोदार विचारायला हवं होतं, आधी कोण?

पाय सुजले होते. मतदान तोंडावर आलं होतं. बाजारात लोक त्याची वाट बघत होते आणि हाती बातमी होती साखरेसारखी. मन काय, हवं तिकडे वळतं. असे मान देणारे असून असून किती असणार, असं त्याने स्वतःला सांगितलं. बाकीचे देतीलच की बाईंना. तो उठला आणि घरची वाट धरली.

चौथऱ्यावर चढून त्याने कौल सांगितला. “शेवटी गिरजाबाईच. दहात सात.” लोकांनी पागोटी उडवली. रणोजीच्या माणसांची तोंडं उतरली. कुंभारवाड्याबद्दल निळोबा चकार शब्द बोलला नाही.

संध्याकाळी गिरजाबाईंनी त्याला बोलावून घेतलं. त्यांच्या दाराशी घोडं उभं होतं.

“डोंगरमाथ्याच्या वाड्यांवर जाऊन यावं म्हणते,” त्या म्हणाल्या. “तिथली माणसं आपली आहेत, पण हाक मारल्याशिवाय खाली उतरत नाहीत. तुझा कौल पक्का असेल तर राहू देते. आता गुडघे ऐकत नाहीत माझे. पक्का आहे का?”

आता तरी बोलायचं की नाही? शंका त्याच्या अगदी ओठाशी आली होती. पण चौथऱ्यावरचा जयजयकार अजून कानांत होता, आणि चुकलो म्हणायला जीभ उचलेना.

“पक्का आहे, बाई. तुम्ही निवांत राहा.”

बाईंनी घोडं परत पाठवलं.

मतदानाच्या सकाळी सगुणा नवऱ्याला म्हणाली, “बाई तर येणारच, तुम्हीच सांगितलंत. मग पहिला खडा माझ्या भावाला द्या. त्याचं मडकं रिकामं निघालं तर माहेरी तोंड कसं दाखवू?”

निळोबा पडद्याआड गेला. गिरजाबाईंच्या मडक्यापाशी तो थांबला. खडा मुठीत घामेजला. मग त्याला वाटलं, मुलूखभरचे खडे आहेत बाईंना, माझ्या एकट्याच्या खड्याने काय होतंय? त्याने तो केरोबाच्या मडक्यात टाकला. बाहेर येऊन मेव्हण्याकडे बघून हसलासुद्धा.

दिवस मावळायच्या आत मडकी उपडी झाली. रणोजीचं मडकं पहिलं. लखमोजीचं दुसरं. गिरजाबाईंचं तिसरं. दुसऱ्या-तिसऱ्यात फरक किती, तर दोन ओंजळी खड्यांचा. पैलवानाचं मडकं अर्ध्यावर होतं, वैद्यांचंही होतं, आणि केरोबाचं तर पाऊण भरलं होतं. डोंगरमाथ्यावरून कुणी उतरलंच नव्हतं.

केरोबा आपल्या ढिगाकडे बघून रडायला लागला. “अरे, मला कशाला इतके दिलेत? मी नुसता हौसेने उभा होतो.”

भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला होता, आणि म्हैस ज्याने त्याने आपल्या हातांनी राखली होती. लोक निळोबाभोवती जमले. “तू म्हणालास बाई येणार.”

“तुम्हीच तर मला सांगितलंत.”

“खोटं नव्हतं सांगितलं,” कुंभारवाड्याचा म्हातारा म्हणाला. “शेवटच्या फेरीत बाईंनाच देणार होतो सगळे.” आणि ते खरंच होतं. त्या चौकात खोटं बोललेला एकही माणूस नव्हता.

गर्दी पांगल्यावर गिरजाबाई निळोबाजवळ आल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. “निळोबा, तुला शंका आली होती का?”

“आली होती, बाई.”

“मग मला का नाही सांगितलीस? मी गेले असते रे डोंगरावर.”

निळोबाला धरणी दुभंगावी असं वाटलं. बाई घराकडे चालू लागल्या.

दुसऱ्या फेरीला लोक आले ते मयताला आल्यासारखे. इकडे आड, तिकडे विहीर. रान गेलं तर चूल कशाने पेटवायची, आणि पोर गेलं तर पेटवायची कुणासाठी? कितीतरी जण घरातून निघालेच नाहीत. निळोबाने आपला खडा लखमोजीला दिला. रान पुन्हा उगवतं, असं त्याने मनाशी म्हटलं. पण लखमोजीच्या जेवणावळी संपल्या होत्या, आणि जेवून गेलेले पंक्तीतून कधीच उठले होते. बैल गेला आणि झोपा केला. रणोजी सरदार अध्यक्ष झाला. त्याने एक मात्र केलं, बोलल्यासारखं वागला.

शिपाई दारोदार फिरू लागले. निळोबा फिरला होता त्याच वाड्यांवरून, त्याच ओट्यांवरून, आणि ते काही विचारत नव्हते. कुंभारवाड्याचा पैलवान गेला. जोशांचा मुलगा गेला. मग ते निळोबाच्या दाराशी आले.

हरबाने लहानसं गाठोडं बांधलं. सगुणाने भाकऱ्या बांधून दिल्या. निळोबा भिंतीला टेकून उभा होता. पोराकडे बघायचं धाडस त्याला होत नव्हतं.

“आबा,” हरबा म्हणाला, “एक विचारू? पहिल्या फेरीत तुम्ही खडा कुणाला दिलात?”

निळोबा म्हणाला, “तुझ्या मामाला.”

सगुणाने पदर तोंडात कोंबला.

हरबाने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच निळोबाला सोसवलं नाही. “मीही मामालाच दिला, आबा,” तो म्हणाला. “म्हटलं, बाई येणारच आहेत.”

तो शिपायांच्या मागून निघाला. आई वेशीपर्यंत गेली. बापाला उंबरा ओलांडवला नाही. नदीपलीकडच्या लढाईतून जे थोडे परत आले, त्यांत हरबा नव्हता.

तात्पर्य: ‘होणारच आहे’ म्हणून जे काम प्रत्येकजण दुसऱ्यावर सोडतो, ते कोणाच्याच हातून होत नाही, आणि मनात शंका असताना जो लोकांना गोड खात्री देतो, तो त्यांच्यासकट आपलंही घर बुडवतो.