आडवा पत्रा

एकदा एका गुळाच्या व्यापाऱ्याला आपल्याच ट्रकच्या इंजिनात चोर दिसू लागला. दिसू लागला म्हणजे डोळ्यांनी नव्हे. संशय आलेल्या माणसाचे डोळ्यांवाचून फारसे अडत नाही. इंजिनातले तेल घटत होते. पूर्वी ट्रक कोकणात गूळ उतरवून, चिरे भरून, घाट चढून माघारी आला तरी तेल मोजायच्या पट्टीवरची तेलाची खूण जागच्या जागी असे. आता दर फेरीला ती खाली सरकत होती, आणि गाडीखालची जमीन मात्र कोरडी ठणठणीत होती.

गाडी चालवणारा केरबा केस पिकेपर्यंत त्याच व्यापाऱ्याकडे राहिलेला. तेल भरणारा तो, म्हणून काढणाराही तोच, असे व्यापाऱ्याने ठरवून टाकले. एकदा ठरले की पुढचे सगळे आपोआप जुळत जाते. केरबाच्या पायात नव्या चपला आल्या, त्या कुठून आल्या? केरबा चहाच्या टपरीवर हसत होता, त्याला एवढे हसू कशाचे? पुढे त्याने हसणे बंद केले, तेव्हा तर व्यापाऱ्याची खात्रीच पटली. शेवटी एका सकाळी पेठेत गुळाचा सौदा चालू असताना, अडते, हमाल आणि शेतकरी यांच्यादेखत तो म्हणाला, "डिझेल चोरणारे ड्रायव्हर लई बघितले. ह्यो गडी इंजिनातलं तेल विकून खातोय."

केरबा मान खाली घालून उभा राहिला. त्या पेठेत एकदा चोर म्हणून नाव निघाले की ड्रायव्हरच्या हाती पुन्हा कुणी किल्ली देत नाही, हे त्याला ठाऊक होते. या वयात दुसरे काम शिकण्याची उमेद त्याच्यात उरली नव्हती.

व्यापारी तडक गाडी घेऊन गावातल्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेला. त्यांना सारे वस्ताद म्हणत. "तेलाच्या झाकणाला कुलूप बसवून द्या," तो म्हणाला. "तुमच्या शिष्यानं तोंड मोठं केलं आणि चोराची सोय झाली."

या तोंडाची हकीकत सांगायला हवी. इंजिनाच्या माथ्यावर जे कव्हर असते, ज्याला मिस्त्री लोक टॅपेट कव्हर म्हणतात, त्यातूनच तेल भरायचे असते. या ट्रकमध्ये ते तोंड अगदी मागे, केबिनच्या भिंतीला चिकटून होते. डबा नीट कलत नसे, नरसाळे तिरपे धरावे लागे, आणि सांडलेले तेल तापल्या लोखंडावर पडून धूर होई. केरबाची बोटे भाजत. वस्ताद लेकीकडे गेलेले असताना त्यांचा शिष्य बाळगोंडा याला त्याची दया आली. त्याने जुने तोंड बंद करून पुढच्या बाजूला नवे, चांगले रुंद तोंड वेल्डिंगने बसवले. काम इतके सुबक झाले होते की व्यापाऱ्याने स्वतः त्याची पाठ थोपटली होती. तेल आता घागरीतून ओतावे तसे आत जात असे.

त्यामुळे व्यापारी केरबाला चोर म्हणाला तेव्हा बाळगोंडाला ते पटले. खरे म्हणजे त्याने ते पटवून घेतले. केरबा निर्दोष ठरला तर बोट आपल्या कामाकडे वळेल, ही भीती त्याच्या मनात कुठेतरी होती. आपल्यातही ती असतेच. कोणी सोवळ्याचा आव आणू नये.

वस्तादांनी ऐकून घेतले. बॅटरी लावून त्यांनी झाकणातून आत डोकावले. मग ते भिंतीकडे वळले. त्यांच्या गॅरेजात एक रीत होती. गाडीतून काढलेला तुकडा भंगारात टाकायचा नाही. भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचा, आणि गाडीने तक्रारीवाचून एक पावसाळा काढला की मगच हलवायचा. या ट्रकच्या नावाचा खिळा मोकळा होता.

"घरातनं लोणच्याची रिकामी बरणी आण," त्यांनी शिष्याला सांगितले.

बाळगोंडाने काचेची बरणी आणली. टॅपेट कव्हरच्या कडेने एक रबरी नळी निघते; इंजिनाच्या पोटातली वाफ ती हवेच्या वाटेने पुन्हा इंजिनातच नेऊन सोडते. वस्तादांनी त्या नळीचे पलीकडचे टोक सोडवले, हवेच्या वाटेचे भोक बुजवले, आणि ते टोक बरणीत घालून बरणी तारेने घट्ट बांधली. नंतर तेलाचे झाकण आणि तेल काढायचा खालचा नट या दोन्हींवर दोरा गुंडाळून लाखेवर व्यापाऱ्याचा शिक्का उमटवून घेतला.

"आता गाडी केरबाला द्या," ते म्हणाले. "एक फेरी करून या. शेठ, तुम्ही त्याच्या शेजारी बसा."

"म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!" व्यापारी उसळला. "आणि ही बरणी कशाला? इंजिनाला लोणचं चारताय का?"

"ती फुटू देऊ नका म्हणजे झालं."

बाळगोंडाच्या मनात वेगळेच विष कालवले जात होते. वस्तादांना माझ्या हातचे काम खुपते आहे, लोक माझे नाव घेऊ लागले ते यांना सोसवेना, असे त्याला वाटले. ज्याने त्याला हातात पाना कसा धरावा इथपासून शिकवले, त्याच्याविषयी तो असा विचार करत होता.

व्यापारी सबंध वाट केरबाच्या हातांवर नजर लावून बसला. केरबा लघवीला उतरला तरी हा मागोमाग उतरे. येताना चिऱ्यांनी भरलेली गाडी घाटात कण्हत चढली आणि थेट गॅरेजपाशी येऊन थांबली. थांबताच व्यापाऱ्याने किल्ली काढून घेतली.

शिक्के शाबूत होते. पट्टीवरची खूण खाली गेलेली होती. आणि बरणीच्या तळाशी काळे तेल साचले होते.

व्यापारी कधी बरणीकडे, कधी शिक्क्यांकडे पाहू लागला. आपणच रात्रंदिवस राखण केली होती, त्यामुळे कुणावर ओरडावे हे त्याला सुचेना.

वस्तादांनी कामाच्या फळीवरून नटबोल्टांनी भरलेले एक पसरट तबक उचलले, त्यातले नटबोल्ट पोत्यावर ओतले आणि ते रिकामे तबक बाळगोंडापुढे धरले. तो ट्रकच्या टॅपेट कव्हरच्या आतला पत्रा होता. कडा वळवून बाळगोंडाने त्याचे तबक केले होते.

"हा का काढलास?"

"तेल तुंबत होतं, वस्ताद," बाळगोंडा म्हणाला. "ओतलं की ह्याच्यावर आपटून वर यायचं. आडवा येत होता."

"आडवं येणं हेच त्याचं काम हाय, बाळ. इंजिन पळतं तवा खालनं तेल उसळतं. ह्यो पत्रा त्याला अडवून माघारी धाडतो आणि नुसती वाफ नळीत जाऊ देतो. तू ह्याला काढलास, मग वाफेसंगं तेल गेलं आणि इंजिनानं आपलंच तेल जाळून टाकलं. तोंड पुढं आणलंस ते चांगलं केलंस, केरबाची बोटं वाचली. पण आपल्या हाताला जे अडतंय, ते तिथं कशासाठी हुभं हाय, एवढं इचारायचं राहिलं. आणि तेल घटल्यावर तुम्ही दोघांनी माणसावर संशय घेतला. आपण काढून टाकलेल्या वस्तूवर कुणी घेतला न्हाई."

बाळगोंडाने वाकून वस्तादांचे पाय धरले. ते त्याला उठवत म्हणाले, "माझे कशाला धरतोस?" तेव्हा तो केरबाकडे गेला. त्याला रडू आवरत नव्हते. "मामा, चूक माझी हुती, आणि मी तुमच्यावर ढकलली," तो म्हणाला. केरबाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

व्यापाऱ्याने ओशाळून किल्ली पुढे केली. केरबाने ती घेतली नाही.

"शेठ, तेल पुन्हा भरता येतं," तो म्हणाला. "माझं नाव तुम्ही सौद्यात सांडलंय."

दुसऱ्या सकाळी सौदा सुरू होण्याआधी व्यापारी गुळाच्या ढिगापाशी उभा राहिला. पेठ गप्प होईना, म्हणून त्याला दोनदा ओरडून सांगावे लागले, "केरबानं तेल चोरलं न्हाई. मी खोटं बोललो." हमालांनी ओझी खाली ठेवून ऐकले. केरबा मागे उभा होता. तो पुढे आला आणि त्याने किल्ली घेतली.

बाळगोंडाने रुंद तोंड तसेच ठेवले, मात्र त्याखाली पत्रा थोडा उतरता करून पुन्हा बसवला. तेल आता पूर्वीइतके भरभर जात नाही. केरबा डबा कलता धरतो, बाळगोंडा नरसाळे धरतो, आणि आतले तेल उतरेपर्यंत दोघेही थांबतात.

आपल्या घरातून काही घटू लागले, तर दुसऱ्याचे खिसे चाचपण्याआधी आपण सोयीसाठी काय काढून टाकले ते आठवून पाहावे.