पाटीवर नसलेलं नाव

मिरजेत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. रणधीरराव इनामदारांच्या लांबलचक ब्यूकवर एक पितळी पाटी होती. गाडीत कोणकोण बडे लोक कोणत्या तारखेला बसले, ते तिच्यावर कोरलेलं. शेजारीच म्हातारे दस्तगीरचाचा आपली फियाट पुसत होते. चाळीस वर्षं त्यांनी ती टॅक्सी म्हणून चालवली होती. रेक्झिनचा तो जुना वास आला, की त्यांना गावची कितीतरी माणसं आठवायची.

"चाचा, या डबड्यात कधी कोणी मोठा माणूस बसलाय का?" रावांनी चारचौघांत विचारलं. लोक हसले.

चाचांनी फडकं खांद्यावर टाकलं. "सरकार, तुमच्या पाटीवरचं तिसरं नाव वाचा."

"कलेक्टरसाहेब. नऊ मे, एकोणीसशे पासष्ट." वाचता वाचता राव अडखळले. ती त्यांची जन्मतारीख होती.

"ब्यूक साहेबांना आणायला स्टेशनवर गेली, आणि इकडं आईसाहेबांना कळा सुरू झाल्या. मी त्यांना घेऊन दवाखान्याकडं निघालो, पण तुम्ही वाटेतच, या मागच्या सीटवर जन्मलात. आता हिच्यात मोठा माणूस बसला की नाही, ते तुम्हीच सांगा."

रावांनी पायातले जोडे काढले आणि फियाटचं मागचं दार हळूच उघडलं.