भोकरीवरच्या शिंप्याचा अर्ज

विषय : साथीत बंद पडलेल्या लहान धंदेवाल्या पाखरांना सरकारी कोठारातून दाणा देण्याबाबत.
संदर्भ : भोकरीच्या झाडावर राहणाऱ्या शिंपी पक्ष्याचा अर्ज.

उपरोक्त विषयी सांगायचे ते असे, की राज्यात पिसे गळण्याची साथ आली होती. अंगाला अंग लागले की पिसे गळत, आणि पिसे गळालेले पाखरू खाली पडले की पुढची व्यवस्था मुंगसे पाहत. तेव्हा गरुडाच्या दरबारातून हुकूम निघाला : कोणी दुसऱ्याच्या झाडावर बसू नये. हुकूम चुकीचा आहे असे शिंपी म्हणाला नाही. समोरच्या झाडांखाली साचलेली पिसे त्याने पाहिली होती.

पण त्याचा धंदाच दुसऱ्याने येऊन बसण्याचा. घरटे न जमणाऱ्या मुनिया, चिमण्या भोकरीवर येत, पान पसंत करत. शिंपी त्याला चोचीने भोके पाडी, सावरीचा कापूस ओवी आणि पानाची पिशवी शिवून देई. त्यातच त्यांची पिल्ले वाढत. पान तोडायचे नाही, हा घराण्याचा दंडक. देठावरचे पान पिल्लांवर सावली धरते; तोडलेल्याचा तिसऱ्या दिवशी पापड होतो आणि टाके तटातट सुटतात.

वडाला मात्र हुकूम लागला नाही. वड हे एकच झाड. त्यावर हजार कावळे बसले तरी ते आपल्याच झाडावर बसले आहेत, असा अर्थ दरबारी पोपटांनी लावला. कावळ्यांनी तिथे तयार घरट्यांचा बाजार मांडला.

पुढे दरबाराला दया आली आणि कोठार उघडले.

शिंपी जुन्या वळणाचा. सरकारने सापांचा बंदोबस्त करावा, बाकी ज्याची चोच त्याला चालवू द्यावी, हे त्याचे मत. मागे पुरात टिटवीची अंडी वाहून गेली, तेव्हा “नदीच्या पात्रात संसार मांडायला सांगितलं होतं कुणी?” असे तो चारचौघांत म्हणाला होता. टिटवी ते विसरली नव्हती.

शेजारच्या आंब्यावरचा सुतार पक्षी पहिल्याच दिवशी दाणा घेऊन आला. अट एकच : दाणा घेणाऱ्याने काम बंद ठेवावे, कारण काम करणारा गरजू कसा? दुसऱ्या महिन्यात न झिजलेली त्याची चोच वाढून खाली वळली.

“काय शिंपीबुवा,” तो आपल्या फांदीवरून ओरडे, “अजून स्वाभिमानच चघळताय? भिजवलेला हरभरा देतात, मऊसूत!”

“एकदा लाकडावर चोच मारून दाखवा, सुतारराव.”

सुताराने मारली. ओल्या भाकरीवर थाप पडावी तसा आवाज आला. दोघेही हसले. मग सुतार पलीकडच्या फांदीवर जाऊन बसला.

शेवटी शिंपिणीने विषय काढला.

“अहो, आपलं दार लावलं कुणी?”

“सरकारने.”

“मग लावणाऱ्याकडे मागायला लाज कसली? भीक वेगळी, भरपाई वेगळी. अंड्यांचे दिवस जवळ आलेत माझे. पोटात काही गेलं तर कवच धरेल.”

शिंपी कचेरीत गेला. तिथे बगळा एका पायावर उभा होता. दुसरा पाय खाली टेकवण्याचा आदेश आला नसावा. शिंप्याने विनंती केली : दाणा नको, एका वेळी एकच गिऱ्हाईक बसवू द्या, अंतर राखून शिवीन.

“परवानगीचं टेबल वेगळं. ते साथीमुळे बंद आहे,” बगळा म्हणाला. “इथे फक्त दाणा मिळतो. मागायचा असेल तर मागा. धंदा असल्याचा पुरावा म्हणून शिवलेलं एक पान जोडा.”

“पान झाडावर आहे, साहेब. येऊन बघा ना.”

“दुसऱ्याच्या झाडावर बसायला बंदी आहे, ठाऊक नाही?”

शिंप्याने पहिले पान तोडले. देठ तुटल्याचा आवाज बारीकच झाला, पण शिंपीण पाठ फिरवून बसली. ते पान वरिष्ठांच्या नजरेखाली पंधरवड्याने आले. शेरा पडला : टाके सुटलेले, नमुना सदोष, ताजा सादर करावा. शिंप्याने ताजा सादर केला. तोही पंधरा दिवस वाळला. मग एका पानावरून धंदा सिद्ध होत नाही असे ठरले आणि पाच मागवली गेली; तीही वाळली, तेव्हा पंचवीस. कोकिळेचा अर्ज तेवढा त्याच दिवशी मंजूर झाला. तिला घरटेच नव्हते, त्यामुळे नुकसान संपूर्ण धरले गेले आणि नमुन्याचा प्रश्न उद्भवला नाही.

“पुरे करा आता,” शिंपीण म्हणाली.

“एवढी तोडली ती फुकट घालवू? आता होईलच.”

शेवटचे मोठे पान उरले. त्यात शिंपिणीने स्वतःसाठी कापूस भरायला घेतला होता. तिने कापूस काढून फांदीच्या बेचक्यात ठेवला आणि बाजूला झाली. शिंपी देठाशी येऊन बसला. मग त्याने चोच चालवली.

आठव्या महिन्यात साथ ओसरली, हुकूम उठला. मुनियांचा एक थवा जुन्या ओळखीने भोकरीकडे आला, झाडाभोवती एक घिरटी घालून वडाकडे गेला.

आता बंदी नव्हती, तेव्हा बगळा स्थळपाहणीस आला. भर दुपार होती. बेचक्यातल्या कापसावर तीन अंडी होती. शिंपीण त्यांच्यावर बसली नव्हती; दोन्ही पंख उघडून, चोच वासून उभी होती आणि पंखांची सावली अंड्यांवर धरून होती. ऊन सरके तशी तीही सरके.

“बाई, जरा बाजूला होता का? पानं मोजायची आहेत.”

ती हलली नाही. बगळ्याने तिच्या डोक्यावरून फांदी न्याहाळली आणि नोंद केली : “अर्जदाराच्या झाडावर एकही पान नाही. तेथे शिवणकाम चालत असल्याची खूण आढळली नाही. खुलासा मागवावा.”

शिंप्याने खुलासा त्याच आठवड्यात दिला. अर्ज विचाराधीन आहे.