करवंदी गल्लीतला एक खडा

एक होतं रान. वाढत वाढत त्याचं शहर झालं, प्राणी मात्र तेच राहिले. त्या शहरात करवंदी गल्ली होती आणि गल्लीत चारशे तेरा मतदार होते. गल्लीचा लौकिक असा, की तिने हरणाऱ्याला आजवर एकही मत दिलेलं नव्हतं.

हे काही येरागबाळ्याचं काम नव्हे. त्यासाठी बगळेनाना होते. निवडणुकीच्या आदल्या दिवशी नाना पाण्याच्या टाकीवर एका पायावर उभे राहत, डोळे मिटत आणि वारा कुणाचा ते सांगत. सगळी गल्ली मग त्याच्याच मडक्यात खडा टाकून यायची. उमेदवार काय बोलतात ते ऐकण्यात कुणाचा वेळ जात नसे.

यंदा एका बाजूला नगरप्रमुख तरसराव, याच गल्लीचे रहिवासी. दुसऱ्या बाजूला नवखे उदमांजर आप्पा. नाना टाकीवर चढले. तरसरावांनी खाली चाळीस हत्ती भाड्याने आणून कान हलवायला उभे केले होते. नानांची पिसं विस्कटली, पागोटं उडालं.

"अगं आई गं! हा वारा कसला, वादळ आहे!" नाना ओरडले. "तरसराव! तरसराव!"

दुसऱ्या दिवशी मतदान झालं आणि गल्लीची मोजणी त्याच संध्याकाळी झाली. चारशे बारा खडे तरसरावांच्या मडक्यात आणि एक आप्पांच्या.

तो एक खडा अंजिरा शेळीचा होता.

अंजिरा गल्लीच्या तोंडाशी पिंपळाखाली पालेभाजी विकायची. शेळीने दिवसभर कोथिंबिरीशेजारी बसायचं आणि तोंड लावायचं नाही, याहून मोठं तप नाही हो! त्या जागेवर तिची तीन करडं जगत होती. तरसरावांचे कार्यकर्ते येता-जाता तिची पाटी उलथवायचे. आप्पा मात्र प्रचाराला आले तेव्हा हात जोडून म्हणाले होते, "अंजिराबाई, ही जागा तुमची. कोण उठवतो बघतोच!" म्हणून तिने जन्मात पहिल्यांदा वारा न बघता खडा टाकला.

बाकी शहराची मोजणी व्हायला तीन दिवस होते. तेवढ्यात तरसराव गल्लीत आले, टाकीला कुलूप ठोकलं आणि भाषणाला उभे राहिले.

"बंधू-भगिनींनो! चारशे बारा जणांनी मला मत दिलं, त्याचा मला आनंद नाही. एकाने दिलं नाही, त्याचं दुःख आहे! मी सर्वांचा सेवक आहे. म्हणून तो एक सापडेपर्यंत कुणालाच पाणी नाही!"

कडकडून टाळ्या पडल्या.

मग शोध सुरू झाला. कावळ्याने बायकोचं नाव सांगितलं, बायकोने सासूचं. घुशींनी एकमताने एक घूस पुढे केली. ती सहा महिन्यांपूर्वीच वारलेली निघाली. पण तिच्या नावाचा खडा तरसरावांच्याच कार्यकर्त्यांनी टाकलेला होता, म्हणून बिचारी सुटली.

"अंजिरे, तुझे पाय का गं लटपटतायत?" नानांनी विचारलं.

"तहान लागलीय, नाना."

"तू तर नव्हेस ना ती?"

"मी? इश्श! मला मेलीला कुठलं आलंय मत!" असं म्हणून ती घरी गेली आणि तिन्ही करडांना पोटाशी धरून ढसाढसा रडली.

तिसऱ्या दिवशी दवंडी पिटली. अख्ख्या शहरात उदमांजर आप्पा प्रचंड बहुमताने विजयी! करवंदी गल्लीतल्या त्या एकमेव निष्ठावंताचा आप्पा स्वतः पिंपळाखाली येऊन शाल-श्रीफळ देऊन सत्कार करणार!

गल्लीची अब्रू धुळीला मिळाली. बगळेनाना दोन्ही पायांवर उभे राहिले.

अंजिराला आनंद मावेना. जागा वाचली, टाकीचं कुलूपही निघालं! करडांना न्हाऊमाखू घालून ती पिंपळाखाली आली, तर तिथे ही रांग! एकमेव निष्ठावंत म्हणून चारशे बारा जण उभे होते. वारलेल्या घुशीच्या वतीने तिची जाऊ आली होती. सगळ्यात पुढे तरसराव, हातात हार घेऊन आप्पांसमोर.

"आप्पासाहेब, मी स्वतः उभा होतो, तरी मत तुम्हालाच दिलं," तरसराव आप्पांच्या गळ्यात हार घालत म्हणाले. "मनातून मी कायम तुमचाच!"

"आप्पा, तो खडा माझा हो!" अंजिरा ओरडली.

"ए, रांगेत ये!" मागून कालवा झाला.

"रांगेत कशाला येऊ? मत एकच होतं ना!"

आप्पा पेचात पडले. चारशे बारा खोटे, की एक शेळी खोटी? पण आप्पा लोकशाहीवादी होते. त्यांनी प्रश्न तिथल्या तिथे मताला टाकला. नानांनी वारा बघितला. निकाल लागला, चारशे बारा विरुद्ध एक.

शाल तरसरावांना मिळाली आणि शालीबरोबर उपनगरप्रमुखपदही. जाता जाता आप्पांनी त्यांना गल्लीत कुणी विरोधक शिल्लक आहे का, असं विचारलं. तरसरावांनी पिंपळाखाली बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजिराला जागा सोडण्याची नोटीस आली. खाली आप्पांची सही होती. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, जनतेच्या कौलाचा अनादर.