नारबा आंदोलनाला गेला

एका गावात नारबा नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा आपलं आम्ही म्हणायचं. सांगितलं तेवढंच त्याला कळायचं, आणि कळलेलं तो मरेपर्यंत विसरायचा नाही.

गावाची एसटी बंद झाली. नारबाची पुतणी अक्षता आठ किलोमीटर चालत शाळेला जायची. एसटी आली नाही तर दिवाळीनंतर शाळा बंद, असं तिच्या बापाने सांगून टाकलं होतं. पोरगी नारबाच्या फार जिवाची, म्हणून तो आंदोलनात शिरला.

आंदोलनं दोन होती, म्हाताऱ्यांचं आणि पोरांचं. दोघांचा राग एकमेकांवर, एसटीचं कुणाला पडलंय!

म्हाताऱ्यांचे पुढारी गुंडूतात्या. एकदा तीन दिवस तुरुंगात होते, ते चाळीस वर्षं सांगत होते. पुढून काहीही ओरडलं की 'झालीच पाहिजे' म्हणायचं, असं त्यांनी नारबाला शिकवलं. मोर्चात ऊन लागून तात्या कोसळले. कुणीतरी ओरडलं, "अरे, तात्यांना उलटी होतेय!"

"झालीच पाहिजे," नारबा म्हणाला.

शुद्धीवर येताच तात्यांनी त्याला झाडलं. माणूस रस्त्यात पडला की ओरडायचं नाही, गाढवा, तोंडावर पाणी मारायचं. नारबाने ते लक्षात ठेवलं.

मग तो पोरांकडे गेला. त्यांचा म्होरक्या ऋतुराज. यांचं सगळं आंदोलन मोबाइलात. एसटीवाचून गाव मेलं हे दाखवायला तेरा पोरं रस्त्यावर मढी होऊन पडली होती, मोबाइल छातीवर. नारबा हौदाकडे पळाला आणि बादल्यांवर बादल्या ओतल्या. पोरं उठली, मोबाइल मेले.

ऋतुराज रडकुंडीला आला. "काका, पाणी नाही मारायचं. शेजारी आपणही पडायचं. मागणी मान्य होईपर्यंत उठायचं नाही."

नारबाने तेही लक्षात ठेवलं.

इकडे अक्षताने आगारात साधा अर्ज दिला. तो द्यायचं एवढ्या शहाण्यांत कुणाला सुचलंच नव्हतं. सोमवारी एसटी दारात. अक्षता पहिल्या सीटवर बसली. नारळ कुणी फोडायचा यावरून तात्या आणि ऋतुराज यांची जुंपली, आणि ओढाताणीत दोघेही गाडीपुढे आपटले.

नारबाने पाहिलं आणि शेजारी आडवा झाला.

ते दोघे उठले. नारबा उठेना. ड्रायव्हरने हॉर्न दिला, कंडक्टरने हात जोडले. तात्या म्हणाले, हा आमच्या तालमीतला. ऋतुराज म्हणाला, आमच्या. या वादात त्याला उचलायचं राहूनच गेलं. तासाभराने 'गावाचा विरोध' असं लिहून घेऊन एसटी मागे फिरली.

अक्षता दप्तर घेऊन खाली उतरली होती. ती त्याच्याजवळ येऊन बसली. "काका, ऊठ आता. गाडी गेली. परत येणार नाही म्हणाले."

नारबाने डोळे उघडले.

"मग आता कसा उठू?" तो म्हणाला. "मागणी कुठे मान्य झालीय?"