सगळं एका घटकेवर

“‘घर विकणे आहे! कुंभारआळी. राजवाडा एका घटकेवर, नदी एका घटकेवर, बाजार एका घटकेवर, देवीचं देऊळ एका घटकेवर!’ वा! सासूबाईंना अगदी असंच घर हवंय!”

पाटीसमोर उभा राहून मोठ्याने वाचणारा तो माणूस म्हणजे खुद्द राजा अढळसेन आहे, हे दिसताच दुकानातल्या विसाजीपंतांचा विडा तोंडापाशी जाऊन थांबला.

उंबरनगरात घरं विकून देणारी ही एकच मंडळी. पंत पाट्या लिहीत आणि बकुळा किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून गिऱ्हाइकांना घरं दाखवी. पंतांची लेखणी फार उदार! छप्पर उडालेल्या घराला ते ‘हवेशीर’ लिहीत आणि स्मशानालगतच्या घराला ‘शेजार शांत’. गिऱ्हाइकंही शहाणी होती. पाटी वाचून हसत, मग बकुळाला विचारत, “बाई, खरं काय ते सांगा.”

राजाला मात्र असं विचारायची सवय नव्हती.

“महाराज,” पंत चाचरत म्हणाले, “पाटीवर ते आपलं... लिहायची पद्धत असते.”

“पद्धत? म्हणजे खोटं?”

“छे, छे! खोटं कसं असेल?”

“मग उद्या सकाळी मी स्वतः पायी चालून पाहणार! प्रत्येक ठिकाण घटकेत आलं, तर घर घेतलं. नाही आलं, तर तुम्हा सगळ्यांच्या घरांना कुलपं आणि किल्ल्या नदीत!”

पंतांशेजारी उभ्या बकुळाचा हात पदराच्या गाठीकडे गेला. त्या गाठीत एकच किल्ली होती. बारा वर्षं लोकांची दारं उघडून दिल्यावर गेल्या दिवाळीत तिने स्वतःचं दीड खणाचं घर घेतलं होतं. एवढ्याशा जागेत पाय पसरले की चुलीला लागत. पण पाय तिचे होते आणि चूलही तिचीच.

राजा गेल्यावर पंतांनी कपाळावर हात मारला. “बकुळे, बुडालो! राजवाडा पश्चिमेला, नदी पूर्वेला, बाजार दक्षिणेला, देवी उत्तरेच्या टेकडीवर! घरापासून प्रत्येक जागा कोसभर. धडधाकट माणसालाही कोसाला दोन घटका लागतात आणि महाराज तर...” पंतांनी दोन्ही हातांनी महाराजांचं पोट दाखवलं.

“पंत, रडू नका. उद्या पायांत जुन्या वहाणा घाला. नव्या चावतील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाड्याच्या दारात बकुळाने हात जोडले. “महाराज, एक विचारू? घटका मोजायची कशी?”

“कशी म्हणजे? मनोऱ्यावरचा घटकावाला पाण्यात वाटी सोडतो, ती बुडाली की टोल देतो. या नगरात वेळ एकच, माझ्या मनोऱ्याची! दुसरी कुणी सांगितली तर जीभ छाटीन!”

“मग आमची काही तक्रार नाही,” बकुळा म्हणाली.

टोल पडला. ठण्ण! राजा निघाला. त्याच्या डोक्यावर मोत्यांच्या झालरीचं उंच छत्र, मागे बकुळा आणि तिच्यामागे देवाचं नाव घेणारे पंत.

राजवाड्यापासून घर, घरापासून नदी, नदीवरून परत घरी. महाराजांनी तीनदा ताक मागवलं. ऊन डोक्यावर आलं. बाजारात एक न्हावी गिऱ्हाइकाची अर्धीच दाढी करून बसला होता. उरलेली पुढच्या टोलानंतर करायचं ठरलं होतं! शाळेत मुलं सकाळपासून पहिलाच पाढा म्हणत होती, कारण दुसऱ्या पाढ्याचा टोल पडत नव्हता. घरोघरी भात गार झाला होता, पण जेवणाची वेळ काही होत नव्हती!

देवीच्या टेकडीवर महाराज शेवटच्या पायऱ्या बसून बसून चढले. तिथून घरी आणि घरून राजवाड्यात आले, तेव्हा दिवे लागले होते. सिंहासनावर पडताच त्यांनी पाय पसरले आणि मनोऱ्यावर आवाज झाला, ठण्ण!

“कुलपं आणा!” राजा ओरडला. “सकाळी निघालो, तो आत्ता पोचलो!”

“महाराज, निघाल्यापासून टोल किती पडले?”

राजा थबकला. “हा... एकच.”

“म्हणजे राजवाडा, नदी, बाजार आणि देवी मिळून एकच घटका झाली. पंतांनी पाटीवर चार लिहिल्या. चूक झाली खरी, महाराज. घर फार लांब सांगितलं!”

“अगं बाई, बाहेर अंधार पडलाय!”

“तो महाराजांच्या आधी येऊन बसला असेल. घटकावाल्याला विचारावं.”

घटकावाला पुढे आला. “महाराजांचा अकरा वर्षांपूर्वीचा हुकूम आहे. महाराज कुठेही उशिरा पोचत नाहीत, म्हणून छत्र वाटेत दिसलं की वाटी पाण्याबाहेर काढून ठेवायची. महाराज सिंहासनावर बसले की टोल द्यायचा.”

बकुळाने पदराची गाठ घट्ट धरली आणि म्हणाली, “आता दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर पाटी खरी आहे. नाही तर अकरा वर्षं महाराज रोज दरबाराला उशिरा येतायत. कुठली खरी, ते महाराजांनीच सांगावं.”

राजाने प्रधानाकडे पाहिलं. प्रधानाने छताकडे पाहिलं. मग राजाचं पोट हलू लागलं, झालरीचे मोती किणकिणले आणि अढळसेन खो खो हसत सुटला. “घर घेतलं! सासूबाईंना सांगा, राजवाडा एका घटकेवर आहे. येऊ देत रोज चालत!”

हसू आवरल्यावर त्याने विचारलं, “आणि बाई, तुझं घर किती लांब आहे गं?”

“महाराज निघाले तर एका घटकेवर. मी निघाले तर दीड कोस.”

राजा पुन्हा इतका हसला, की पोट धरून त्याने तबेल्याकडे बोट केलं. त्या रात्री बकुळा पांढऱ्या घोडीवर बसून घरी गेली. दाराशी उतरून तिने पदराची गाठ सोडली आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, घोडी घराहून मोठी होती! सकाळी राजाने आणखी पाच खण बांधायला गवंडी धाडले. ते मात्र उशिरा आले.