मीठकऱ्यांचं दगडी सभागृह

फार पूर्वी, मिठाच्या गोणीलाही राजाचा शिक्का लागायचा त्या काळात, एका खाडीकाठी मीठकऱ्यांचं गाव होतं. मीठकऱ्यांचा संघ होता आणि संघाला एक म्होरक्या होता. माणूस धीट. ‘कष्टकऱ्यांना विचारल्याशिवाय त्यांचं भलं कुणी ठरवायचं नाही,’ असं प्रधानाला तोंडावर सांगून आलेला. ते वाक्य त्याला इतकं आवडायचं की जेवतानाही सांगायचा.

एकदा समुद्रापलीकडच्या राजाचा दूत थेट संघाकडे आला. म्हणाला, "दहा वर्षं आमची मदत तुमच्या दरबारात जाते आणि राजाच्या बागेत कारंजी उडतात. या खेपेला तुम्हीच सांगा काय हवं ते. मात्र सगळ्यांना विचारून सांगा. न विचारता मागितलंत असं कळलं, तर पुन्हा आम्ही दरबाराशीच बोलू."

"विचारणं हाच तर आमचा धर्म," म्होरक्या म्हणाला.

त्याच दुपारी सभा भरली. अकरा पुरुष आले. बायका दोन कोसांवरच्या झऱ्यावर गोड्या पाण्याला गेल्या होत्या. रोज त्याच वेळी जायच्या. म्होरक्याने दगडी सभागृहाचं काढलं. "दरबारची माणसं येतात. त्यांना झाडाखाली बसवायचं, बरं दिसत नाही."

"बायकांना विचारायचं का?" एकजण पुटपुटला.

"त्यांचं आपल्याहून वेगळं काय असणार?"

सगळ्यांना पटलं. न पटणाऱ्या तिथे नव्हत्याच.

वर्षभरात सभागृह उभं राहिलं. दूत बघायला आला. पाण्याहून परतणाऱ्या बायका दारातच थांबल्या. मिठाने चिरलेले पाय त्या स्वच्छ फरशीवर ठेवायचे कसे? दूताने त्यांच्यातल्या सगळ्यांत वयस्क बाईला विचारलं, "आजी, हे तुम्हीच मागितलंत ना?"

म्होरक्या दूताच्या मागेच उभा होता. तिच्या एका शब्दाने संघ बुडाला असता. खरं काय ते आपणच सांगावं असं त्याच्या मनात आलं, पण तोंड उघडलं नाही.

म्हातारीने एकदा त्याच्याकडे पाहिलं. "हो तर. आम्हीच मागितलं."

"आणि हे हंडे?"

"हे होय? लांबचं पाणी गोड लागतं."

दूत हसला आणि समाधानाने जहाजावर चढला.

म्होरक्या तिच्यामागे धावला. "काकी, खोटं का बोललीस?"

"मग परक्यापुढे तुझी अब्रू काढू? संघ काय तुझ्या एकट्याचा आहे? माझ्या सासूने उपाशी राहून उभा केलाय तो." तिने डोक्यावरचा हंडा सावरला. "आम्ही पाट मागितला असता रे. झऱ्याचं पाणी गावात आणणारा. सर बाजूला, हंडा जड झालाय."

तिने आरडाओरडा केला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो हंडा घेऊन बायकांच्या मागे निघाला.

"आज पुढारी पाण्याला? सभा नाही वाटतं," एक सून म्हणाली. बाकीच्या पदराआड हसल्या आणि त्याला वाट करून दिली. दोन कोस तो मान खाली घालून चालला.

झऱ्यावर पोचल्यावर हळूच म्हणाला, "काकी, यापुढे सभा तुम्ही परतल्यावर भरवू."

"भरव की. येऊ आम्ही," म्हातारी म्हणाली. "दूत तेवढा आता येणार नाही."

तो हंडा भरायला वाकला. हंडा भरून वाहू लागला, तरी त्याने मान वर केली नाही.

तात्पर्य: ज्यांच्या नावाने मागायचं, त्यांना आधी विचारावं. आणि त्यांनी आपली चूक झाकून घेतली, तर ती माफी समजू नये.